जुन्या संगणकावर वापरकर्ता खाती उघडताना: ग्राहकांसाठी माहितीपत्रक

जुना संगणक घरी आणल्यावर अनेक ग्राहक आधीच्या मालकाच्याच खात्याचे नाव बदलून त्यावर काम सुरू करतात. तसे कृपया करू नये. विंडोजमध्ये खात्याचे नाव बदलले तरी सी ड्राइव्हवरील ‘युजर्स’ फोल्डरमध्ये जुने नाव तसेच राहते, ब्राउझरने साठवलेले पासवर्डही राहतात. शिवाय ड्राइव्ह एन्क्रिप्ट केलेली (म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशी कुलूपबंद) असेल, तर तिची ४८ अंकी रिकव्हरी की, म्हणजे ते कुलूप उघडणारा क्रमांक, बहुधा त्या मालकाच्याच मायक्रोसॉफ्ट खात्यात असते आणि संगणकाने ती अचानक मागितल्यास आपला नाइलाज होतो.

म्हणून आधी ‘सेटिंग्ज’मधील ‘रिकव्हरी’त जाऊन ‘रिसेट धिस पीसी’ निवडावे आणि पुढे ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ घ्यावे. याने विंडोजचा परवाना जाईल, अशी भीती अनेकांना वाटते. परंतु डिजिटल परवाना मदरबोर्डशी जोडलेला असल्याने, तीच आवृत्ती पुन्हा बसवल्यावर इंटरनेट मिळताच तो सहसा आपोआप लागू होतो.

रिसेटनंतर सुरुवातीला जे खाते तयार होते, ते अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचे, म्हणजे संगणकात हवे ते बदल करण्याचा अधिकार असलेले असते. बहुतेक जण इथेच थांबतात, आणि आमच्या मते खरी चूक इथेच होते. ‘सेटिंग्ज’, ‘अकाउंट्स’, ‘अदर युजर्स’ या क्रमाने जाऊन दुसरे खाते उघडावे. त्याचा प्रकार ‘स्टँडर्ड’ असल्याची खात्री करून रोजचे काम त्यावरच करावे. या खात्यावरून एखादा प्रोग्रॅम टाकू लागल्यास, त्याला संगणकात बदल करायचा असेल तर पडद्यावर चौकट येऊन अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड मागितला जातो. सुरुवातीला हे कटकटीचे वाटते, हे आम्हीही मान्य करतो. पण आपण काहीही टाकत नसताना ती चौकट आली, तर ‘नो’ म्हणण्याची संधी तिच्यामुळेच मिळते.

संगणक घरातील अनेकांनी वापरायचा असल्यास प्रत्येकाचे खाते वेगळे ठेवावे, म्हणजे एकाच्या फाइली दुसऱ्याच्या हातून पुसल्या जात नाहीत. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर मात्र सर्वांचे फोल्डर उघडू शकतो, हे घरच्यांना आधीच सांगितलेले बरे.

अ‍ॅडमिनिस्ट्रेटर खाते लोकल (म्हणजे मायक्रोसॉफ्ट खात्याशी न जोडलेले, फक्त त्या संगणकापुरते) असेल, तर ते उघडताना विचारलेल्या तीन सुरक्षा प्रश्नांची उत्तरे पासवर्डसोबत वहीत लिहून ती वही संगणकापासून दूर ठेवावी. नको असलेले खाते काढताना ‘डिलीट अकाउंट अँड डेटा’ दाबले, की त्यातील डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि छायाचित्रेही जातात. म्हणून त्यांची प्रत आधी पेन ड्राइव्हवर घ्यावी आणि ती उघडते की नाही, हे पाहूनच बटण दाबावे.