रेडिओवरचं ते हसू टेपमधलं नसतं

बीबीसी रेडिओ ४ वरच्या विनोदी पॅनेल कार्यक्रमांतलं, म्हणजे काही विनोदवीर एकत्र बसून खेळ खेळतात अशा कार्यक्रमांतलं हसू टेपवरून घातलेलं असतं, असं वर्षानुवर्षं छातीठोकपणे सांगितलं जातं. हे साफ चुकीचं आहे. १९६७ साली सुरू झालेला ‘जस्ट अ मिनिट’ घ्या किंवा १९७२ चा ‘आय अ‍ॅम सॉरी आय हॅवन्ट अ क्लू’. दोन्हींचं ध्वनिमुद्रण प्रेक्षकांसमोर होत आलंय. तिथले माइक तेच हसू टिपतात.

मग कुणी काही बोललेलं नसताना हशा का पिकतो? ‘क्लू’मध्ये ज्याला दिमाखात ‘लेझर डिस्प्ले बोर्ड’ म्हणतात, तो प्रत्यक्षात उंच धरलेला साधा पुठ्ठा असतो! त्यावर लिहिलेलं खेळातलं उत्तर सभागृहाला दिसतं, घरी ऐकणाऱ्याला नाही. किती गोड युक्ती आहे ही!

काटछाट मात्र होते, आणि भरपूर होते. अर्ध्या तासाच्या भागासाठी त्याहून बराच जास्त वेळ ध्वनिमुद्रण चालतं. अडखळलेली वाक्यं शेवटी पुन्हा म्हणून घेतात. तेव्हाही समोर तीच माणसं बसलेली असतात, आणि तोच विनोद दुसऱ्यांदा ऐकून पुन्हा हसतात.