प्रौढ साक्षरता आणि दिव्यांग: एका कलमामागचा इतिहास

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधले कलम १८ जेमतेम एका वाक्याचे आहे. प्रौढ आणि निरंतर शिक्षणात दिव्यांगांना इतरांच्या बरोबरीने भाग घेता यावा म्हणून सरकारने व स्थानिक प्राधिकरणांनी उपाय योजावेत, एवढेच ते म्हणते. ते इतक्या उशिरा का आले, हे समजायला साक्षरता मोहिमांच्या निकषांकडे पाहावे लागते.

साधनांची सुरुवात तशी लवकर झाली होती. युद्धात दृष्टी गेलेल्या भारतीय सैनिकांसाठी १९४३ साली देहरादूनला सेंट डन्स्टन्स वसतिगृह उघडले. तिथले सगळे विद्यार्थी प्रौढच होते. १९५० मध्ये तिथेच प्रौढ अंधांसाठी सरकारी प्रशिक्षण केंद्र सुरू झाले आणि १९५१ मध्ये भारतीय भाषांसाठी सामाईक भारती ब्रेल (बोटांनी वाचायची सहा ठिपक्यांची लिपी) स्वीकारली गेली. पण हे काम पुनर्वसनाच्या चौकटीत राहिले. गावातल्या साक्षरता वर्गापर्यंत ते पोचले नाही.

२ ऑक्टोबर १९७८ ला राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम आणि ५ मे १९८८ ला राष्ट्रीय साक्षरता मिशन सुरू झाले. दोन्हींचा मुख्य वयोगट १५ ते ३५. मिशनने साक्षर कोणाला म्हणायचे ते मोजमाप देऊन ठरवले: सोपा उतारा मिनिटाला ३० शब्द या वेगाने मोठ्याने वाचणे, मिनिटाला ७ शब्द पाहून लिहिणे, ५ शब्द ऐकून लिहिणे. शिकणाऱ्यांची प्रगती मोजता यावी, हा त्यामागचा हेतू चांगलाच होता. पण कर्णबधिर माणूस मोठ्याने वाचणार कसा आणि ऐकून लिहिणार कसा? अंध माणूस फळ्यावरचे पाहून उतरवणार कसे? या निकषांत पर्यायी कसोटी नव्हती. उद्दिष्ट गाठायची घाई असताना अशा माणसाचे नाव यादीत न घेणे कार्यकर्त्याला सर्वांत सोपे होते.

त्यात गणतीही नव्हती. १९४१ ते १९७१ या जनगणनांत दिव्यांगत्वाचा प्रश्न विचारला गेला नाही. १९८१ ला तो आला आणि १९९१ ला पुन्हा वगळला गेला, नेमका मिशनच्या संपूर्ण साक्षरता मोहिमा जिल्ह्याजिल्ह्यांत जोरात असताना. २००१ पासून प्रश्न परत आला. २०११ च्या जनगणनेत २.६८ कोटी दिव्यांगांपैकी १.४६ कोटी, म्हणजे सुमारे ५५ टक्के, साक्षर आढळले. पुरुषांत हे प्रमाण ६२ टक्के, स्त्रियांत ४५. विशेष म्हणजे ब्रेल वाचणाऱ्याला साक्षर धरावे, अशी सूचना जनगणनेच्या प्रगणकांना असते. एवढी साधी तरतूद साक्षरतेच्या निकषांतही बसली असती.

वर्गात काय अडते, हे नीट पाहायला हवे. मिशनच्या तीन प्रवेशिका (वाचायला शिकवणारी पुस्तके) सुमारे २०० तासांत संपवायच्या असत. चित्रावर गप्पा, त्यातून शब्द, शब्दातून अक्षर आणि त्याचा आवाज, असा त्यांचा क्रम. जन्मापासून कर्णबधिर असलेल्याला अक्षराचा आवाजच नसतो. शाळेत न गेलेल्या अनेकांना सांकेतिक भाषाही मिळालेली नसते. त्यांच्यासाठी आधी खुणांची भाषा आणि मग लिखित मराठी दुसरी भाषा म्हणून, हाच क्रम चालतो. तो २०० तासांत मावत नाही.

ब्रेलच्या अडचणी वेगळ्या. ब्रेल पाटीवर उजवीकडून डावीकडे टोचायचे आणि कागद उलटून डावीकडून उजवीकडे वाचायचे. ‘कि’ लिहिताना मात्रा क नंतर येते. जोडाक्षरात हलन्ताचे चिन्ह मात्र व्यंजनाच्या आधी. जो आधी देवनागरी शिकला आणि नंतर दृष्टी गेली, तो इथेच गोंधळतो. शेतीकामाने घट्टे पडलेली किंवा मधुमेहाने बधिर झालेली बोटे सहा ठिपके वेगळे ओळखत नाहीत. अशा वेळी हट्ट न धरता मोठ्या ठिपक्यांची ब्रेल किंवा ध्वनिपाठ द्यावा. थोडी दृष्टी असणाऱ्याला ठळक, मोठा टाइप आणि चांगला उजेड पुरतो. रात्रीच्या वर्गात नेमका उजेडच कमी असतो.

कायदा टप्प्याटप्प्याने आला. दिव्यांगांसाठीच्या १९९५ च्या अधिनियमात १६ वर्षांपुढच्यांसाठी कार्यात्मक साक्षरतेचे अर्धवेळ वर्ग होते, पण कलमाचा रोख मुलांवरच होता. संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांगांच्या हक्कांविषयीच्या २००६ च्या करारातील अनुच्छेद २४ मध्ये प्रौढ शिक्षणाचा स्पष्ट उल्लेख आला. भारताने १ ऑक्टोबर २००७ ला त्याला मान्यता दिली. त्यातूनच कलम १८ आले. तरी एक मोठी फट उरली: कलम १७ नुसार पुस्तके आणि सहाय्यक साधने मोफत मिळतात ती १८ वर्षांपर्यंतच. चाळिशीत ब्रेल शिकू पाहणाऱ्या बाईला शिकण्याचा हक्क आहे, पाटीचा नाही. हे अन्यायाचे आहे.

२०२२ ते २०२७ साठीच्या नवभारत साक्षरता कार्यक्रमाने (उल्लास) १५ ते ३५ ला प्राधान्य ठेवूनही १५ वर्षांपुढच्या सर्वांना घेतले आणि प्राधान्यगटांत दिव्यांगांचे नाव घातले. शिकवायचे मात्र विनामानधन स्वयंसेवकांनी, आणि परीक्षा १५० गुणांची: वाचन, लेखन, संख्याज्ञान प्रत्येकी ५०, उत्तीर्णतेसाठी प्रत्येकात ३३ टक्के. सांकेतिक भाषा किंवा ब्रेल येणारा स्वयंसेवक गावात सहसा नसतो. म्हणून नोंदणीच्या वेळीच दिव्यांगत्वाचा प्रकार लिहून घ्यावा, जवळच्या विशेष शाळेतल्या शिक्षकाला जोडून घ्यावे, आणि पाटी-कागदाचा खर्च ग्रामपंचायतीच्या पाच टक्के दिव्यांग निधीतून व्हावा म्हणून ग्रामसभेत कलम १८ चा दाखला देऊन मागणी करावी. त्या कलमात स्थानिक प्राधिकरणाचे नाव आहे.