मराठी कथेतील दारिद्र्य, अपंगत्व आणि स्त्री-पुरुष भूमिका

मराठी कथेत गरिबी, अधू शरीर आणि बाईने-पुरुषाने कसे वागावे याचे दंडक हे विषय बहुधा एकमेकांत गुंतूनच येतात. भाकरी मिळवणे हे पुरुषाचे काम ठरले, की त्याचा हात निकामी होणे म्हणजे घरातला मानही जाणे. बाई कमावू लागली, की तिच्या पैशावर हक्क कोणाचा हा वाद सुरू होतो.

अण्णा भाऊ साठे (१९२०–१९६९) यांच्या ‘स्मशानातील सोनं’ या कथेत हा गुंता फार थोडक्यात आला आहे. वारणाकाठचा भीमा पोट भरायला मुंबईत येतो आणि उपनगरातल्या दगडाच्या खाणीत कामाला लागतो. आडदांड अंग आणि डोंगर फोडणारे हात, एवढेच त्याचे भांडवल. खाण बंद पडते. एकदा राखेच्या ढिगात त्याला सोन्याची अंगठी मिळते. मग तो मढ्यांची राख चाळू लागतो आणि पुढे रात्री-अपरात्री पुरलेली प्रेते उकरू लागतो. बायकोला हा धंदा मंजूर नाही, पण मिळवणारा तो असल्याने शेवटचा शब्द त्याचाच. अखेर कोल्ह्यांशी झुंज देऊन तो एका प्रेताच्या तोंडात सोन्यासाठी बोटे घालतो आणि जबडा मिटतो. डॉक्टरला दोन बोटे कापावी लागतात, आणि त्याच दिवशी खाण पुन्हा सुरू होणार असल्याची खबर येते. दुसऱ्या एखाद्या लेखकाने इथे पापाचे फळ दाखवले असते. अण्णा भाऊ बेकारीवरची नजर हलू देत नाहीत.

मध्यमवर्गीय घरातली कोंडी निराळी. विभावरी शिरूरकर या टोपणनावाने मालती बेडेकरांनी १९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ प्रसिद्ध केले. त्यातल्या एका कथेचे शीर्षकच ‘बाबांचा संसार माझा कसा होणार?’ असे आहे. शिकलेली मुलगी नोकरी करून माहेर सांभाळते आणि तिचे स्वतःचे आयुष्य मात्र खोळंबून राहते, हे दुखणे त्या काळी उघड बोलले जात नव्हते.

दलित कथेने या चौकटीत जात आणली. ती आधी बाहेर कशी राहिली, हेच नवल. बाबूराव बागूल यांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा संग्रह १९६३चा. त्यांच्या ‘सूड’ या दीर्घकथेतली जानकी बाईपणच टाकून देऊ पाहते. ऊर्मिला पवारांच्या ‘कवच’मध्ये आंबे विकणाऱ्या आईला गिऱ्हाइकांचे द्व्यर्थी बोलणे ऐकावे लागते. सोबतचा मुलगा शरमेने अर्धा होतो. आई मात्र त्यांना पुरून उरते.

अपंगत्वाच्या बाबतीत मराठी कथा तोकडी पडते, असे म्हणायला हरकत नाही. आंधळा, लंगडा, मुका ही पात्रे पुष्कळ. पण ती बहुधा कणव उपजवायला, नियतीचे रूपक म्हणून किंवा शेवटाला धक्का द्यायला येतात. भीमाची बोटे गेली की कथाही थांबते. उरलेल्या बोटांनी तो पुढे काय करतो, बायको कामाला जाते का, घरात कोणाचे चालते, हे सांगणारी कथा वेगळी झाली असती. अपंग माणसाचा रोजचा दिवस, त्याचा राग, त्याची थट्टा हे सारे मराठीत कथेपेक्षा आत्मकथनात अधिक सापडते. नसीमा हुरजूक यांचे ‘चाकाची खुर्ची’ हे त्यातले ठळक नाव.