नवतप्यातली मेंढी आणि तिच्या पोटातली आग

मे महिन्याच्या शेवटी नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागला की नागपुरातले रस्ते दुपारभर ओस पडतात. त्याच वेळी हिंगणा, उमरेड, काटोलकडच्या उघड्या वावरांत मेंढ्यांचे कळप उभे दिसतात. सगळ्या एकमेकींना खेटून, प्रत्येकीचं डोकं शेजारणीच्या पोटाखाली. एवढ्या उकाड्यात ही गर्दी कशाला, असं बघणाऱ्याला वाटतं. पण आजूबाजूला झाड नसलं तर शेजारणीच्या अंगाची सावली हीच काय ती सावली, आणि ती निदान डोक्याला तरी मिळते. दुसरं कारण नाकातल्या माशीचं. ही माशी भर उन्हात मेंढीच्या नाकपुडीवर अळ्या टाकते आणि अळ्या नाकाच्या पोकळ्यांत वाढतात. नाक खाली आणि आत दडवलं की माशीला जागा मिळत नाही.

मेंढीच्या शरीराचं तापमान साधारण ३९ ते ४० अंश सेल्सिअस असतं. हवा त्याहून थंड असली की अंगातली उष्णता आपसूक बाहेर जाते. नागपूरचा पारा ४५ च्या पुढे गेला की हा व्यवहार उलटा होतो आणि बाहेरची उष्णता आत यायला लागते. मग सुटकेचा एकच मार्ग उरतो, पाण्याची वाफ करणं. मेंढीला घाम फारसा येत नाही, म्हणून ती धापा टाकते. एरवी मिनिटाला वीस-तीस असणारे श्वास दोनशेच्या वर जातात. नाकातल्या ओलसर पडद्यावरून वाफ उडते, तिथलं रक्त थंड होतं आणि तेच रक्त मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांच्या जाळीला बिलगून मेंदूचं तापमान खाली ठेवतं. अंगावरच्या लोकरीला लोक उगाच दोष देतात. ऑस्ट्रेलियातल्या मेरिनो मेंढ्यांवर मोजमापं झाली तेव्हा तळपत्या उन्हात लोकरीची टोकं ८० अंशांच्या पुढे तापलेली सापडली, पण खालची त्वचा मात्र ४२ च्या आसपास होती. म्हणून ऐन उन्हाळ्यात मेंढी पार कातडीपर्यंत भादरणं शहाणपणाचं नाही.

बाहेरच्या उन्हाचं हे झालं. मेंढीच्या आहाराचा विचार करायचा तर खरी अडचण तिच्या पोटात आहे.

मेंढीचं कोठीपोट, म्हणजे चारा जिथे साठून आंबतो तो पोटाचा सर्वांत मोठा कप्पा, ही अखंड चालणारी गोबरगॅसची टाकी. तिथल्या रसाच्या एका मिलिलिटरमध्ये हजार कोटींच्या घरात जिवाणू असतात. कडबा, गवत, कुटार (मळणीनंतरचा भुसा) यांतला तंतुमय भाग पचवण्याची सोय मेंढीच्या स्वतःच्या शरीरात नाही. ते काम हे जिवाणू करतात आणि त्यातून जी आम्लं तयार होतात त्यांच्यावर मेंढीची सुमारे ७० टक्के ऊर्जेची गरज भागते. पण आंबवण्याच्या या कामात उष्णताही निघते. चारा जितका जाडाभरडा, तितकी हाती लागणाऱ्या ऊर्जेच्या मानाने फुकट निघणारी उष्णता जास्त. जानेवारीच्या थंडीत हीच उष्णता मेंढीला ऊब देते. मे महिन्यात ती डोईजड होते.

म्हणून उन्हाळ्यात मेंढी खाणं कमी करते. मेंढपाळाला वाटतं आजारी पडली, कळपाला नजर लागली. खरं तर पोटातली भट्टी मंद करण्याचा तो तिचा उपाय असतो. पंचाईत अशी की त्याच दिवसांत तिचा खर्च वाढलेला असतो. धापा टाकायलाही स्नायू लागतात, आणि रवंथ करणाऱ्या जनावरांत या श्रमापायी शरीर नुसतं टिकवून ठेवण्याची गरजच ७ ते २५ टक्क्यांनी वाढते असं पशुआहाराच्या गणितात धरलं जातं. खर्च वाढला, आवक घटली. याला जास्त चारा टाकणं हे उत्तर होऊच शकत नाही, कारण ती तो खाणार नाही. जे चार घास ती खाईल त्यांत दम हवा. उष्ण प्रदेशातल्या मेंढीच्या आहाराचं सगळं शास्त्र या एका गोष्टीभोवती फिरतं, आणि थंड देशांतल्या पुस्तकांतली कोष्टकं जशीच्या तशी इथे चालत नाहीत तीही याचमुळे. तिथली मेंढी साठ-सत्तर किलोची, हिरव्या मऊ कुरणावर चरणारी. आपली तीस किलोच्या आसपासची, आणि रोज कित्येक किलोमीटर चालणारी.

चाऱ्यातही फरक आहे. उष्ण प्रदेशातली बहुतेक गवतं आणि ज्वारी, मका ही पिकं कडक उन्हात झपाट्याने वाढतात, पण त्यांच्या पानांत शिरांचं जाळं दाट असतं. त्यामुळे मऊ, पचायला सोपा भाग कमी आणि तंतू जास्त. शिवाय ही गवतं लवकर निबर होतात. पावसाळ्यात कोवळं असलेलं माळावरचं गवत दिवाळीपर्यंत काडी झालेलं असतं. एप्रिलमध्ये कळपाला मिळतं ते ज्वारीचं धसकट, गव्हाचं किंवा सोयाबीनचं कुटार, कपाशीची वाळली पानं. कडब्यात प्रथिनं जेमतेम ३ ते ४ टक्के. गव्हाच्या कुटारात त्याहूनही कमी.

आता कोठीपोटातल्या जिवाणूंनाही जगायला नत्र (नायट्रोजन) लागतं, आणि ते त्यांना चाऱ्यातल्या प्रथिनांतून मिळतं. चाऱ्यातली प्रथिनं साधारण ७ टक्क्यांच्या खाली गेली की त्यांची उपासमार सुरू होते, त्यांची संख्या घटते आणि कडबा पचेनासा होतो. न पचलेला कडबा पुढे सरकत नाही, पोटात तसाच पडून राहतो. पोट गच्च, म्हणून मेंढी खात नाही. म्हणजे पोट भरलेलं आणि शरीर उपाशी. अशा मेंढीला रोज शंभर-दीडशे ग्रॅम सरकी ढेप (सरकीची पेंड) किंवा डाळ मिलमधली तुरीची चुनी दिली तर ती कडबा कमी खाईल असं वाटतं. होतं उलटं. जिवाणूंना नत्र मिळतं, कडबा पचायला लागतो, पोट रिकामं होतं आणि मेंढी आधीपेक्षा जास्त कडबा खाते. थोडक्या पैशांत एवढा गुण देणारी दुसरी गोष्ट मेंढीपालनात क्वचितच सापडेल. तरीही ढेप म्हणजे दुभत्या म्हशीचा खुराक, मेंढीला कशाला, हा समज काही जात नाही.

सरकीत गॉसिपॉल नावाचं एक विषारी द्रव्य असतं. मोठ्या मेंढीच्या कोठीपोटात ते बरंचसं बांधलं जातं, म्हणून बेताने दिलेली ढेप तिला बाधत नाही. पण कोकरांचं कोठीपोट तयार झालेलं नसतं. त्यांना ढेप देऊ नये. भुईमुगाची पेंड, हरभऱ्याची चुनी चालेल.

नत्राच्या बाबतीत मेंढीने स्वतःही एक सोय करून ठेवली आहे. आपल्या शरीरातला युरिया लघवीवाटे निघून जातो. मेंढीला प्रथिनं कमी पडली की तिची मूत्रपिंडं युरिया रोखून धरतात, आणि तो लाळेतून व पोटाच्या भिंतीतून पुन्हा कोठीपोटात सोडला जातो. तिथे जिवाणू त्याची प्रथिनं बनवतात आणि पुढे आतड्यात ते जिवाणूच मेंढीचं अन्न होतात. टाकाऊचं टिकाऊ म्हणावं ते हे. कुटारावर युरियाची प्रक्रिया करण्यामागे हेच तत्त्व आहे. १०० किलो कुटारावर ४ किलो युरिया पन्नासेक लिटर पाण्यात विरघळवून शिंपडायचा, ढीग दाबून ताडपत्रीखाली तीन आठवडे हवाबंद ठेवायचा. निघणाऱ्या अमोनियाने तंतू सैल होतात आणि प्रथिनांचं प्रमाण दुपटीच्या आसपास जातं. ढीग उघडल्यावर वास उडून जाईपर्यंत कुटार पसरून ठेवावं. कोकरांना ते देऊ नये. आणि युरिया पाण्यात कालवून थेट पाजण्याचा अतिरेक कुणीही करू नये, त्याने जनावर तासाभरात मरू शकतं.

झाडपाल्याकडे वळलं तर विदर्भ श्रीमंत आहे. अंजन, बोर, बाभूळ, सुबाभूळ यांचा पाला मे महिन्यातही हिरवा असतो आणि त्यात प्रथिनं कडब्याच्या तिप्पट-चौपट. बाभळीच्या पाल्यात आणि शेंगांत टॅनिन नावाचं तुरट द्रव्य असतं. थोडं टॅनिन हिताचं, कारण ते प्रथिनांना कोठीपोटात नासू न देता पुढे आतड्यापर्यंत पोचवतं. जास्त झालं तर चव तुरट होऊन मेंढी खायचं सोडते. म्हणून पाला मिसळून द्यावा, एकाच झाडावर कळप अडकवू नये. घाणेरी मात्र पूर्ण वर्ज्य. तिच्या पानांनी यकृत बिघडतं आणि मग उन्हात उभ्या मेंढीचं तोंड, कान सुजतात.

काय द्यावं याइतकंच कधी द्यावं हेही महत्त्वाचं. चारा पोटात गेला की पुढचे काही तास आंबवण्याची उष्णता वाढत जाते. सकाळी दहाला पोटभर कुटार खाल्लेली मेंढी एक-दोनच्या सुमारास आतून आणि बाहेरून एकदमच तापते. तोच चारा संध्याकाळी सहानंतर दिला तर उष्णता रात्रीच्या गारव्यात विरते. धनगर पहाटे चारला रान धरतात, दुपारी कळप झाडाखाली बसवतात, पुन्हा दिवेलागणीपर्यंत चारतात. कच्छकडून उंट घेऊन विदर्भात येणाऱ्या रबाऱ्यांचाही शिरस्ता असाच. या वेळापत्रकात सुधारणा सुचवायला शास्त्राकडे फारसं काही नाही.

पाण्याचा हिशेब सोपा आहे, पण पाळला जात नाही. थंडीत मेंढी जेवढा कोरडा चारा खाते त्याच्या दुप्पट-तिप्पट वजनाचं पाणी पिते. म्हणजे दिवसाला एक किलो कोरडा चारा खाणाऱ्या मेंढीला दोन-तीन लिटर. कडक उन्हाळ्यात ही गरज दुपटीवर जाते आणि अंगावर पाजणाऱ्या मेंढीची त्याहूनही पुढे. पाणी कमी पडलं तर ती कोरड्या लेंड्या आणि घट्ट लघवी करून तग धरते, म्हणून मेंढीला पाणी कमी लागतं असा समज झाला आहे. ती मरत नाही हे खरं. पण पाणी तोडलं की तिचं खाणंही तुटतं आणि दूध आटतं. उन्हात ठेवलेल्या काळ्या टाकीतलं कढत पाणी मेंढ्या हुंगून सोडून देतात. टाकी सावलीत हलवली तर थंड पाण्याने कोठीपोटातली थोडी उष्णताही शोषली जाते.

धापांचा आणखी एक परिणाम फार कमी लोकांना ठाऊक असतो. भराभर श्वास सोडताना रक्तातला कार्बन डायऑक्साइड प्रमाणाबाहेर निघून जातो. तोल सांभाळायला मूत्रपिंडं बायकार्बोनेट बाहेर टाकतात. हेच बायकार्बोनेट एरवी लाळेतून कोठीपोटात जाऊन तिथलं आम्ल मारत असतं. म्हणजे आपल्या खायच्या सोड्याचं जे काम, ते करणारं द्रव्य उन्हाळ्यात मेंढीकडे तुटपुंजं असतं. आणि लग्नसराई नेमकी याच दिवसांत. मांडवामागे टाकलेला भात, पोळ्या, बुंदी कळपाने चापून खाल्ली की त्यातल्या पिष्टाचं काही तासांत लॅक्टिक आम्ल होतं. मेंढी फुगते, दात खाते, आडवी पडते. यात मेंढ्या मरतात, आणि दोष उष्माघातावर जातो. धान्याचा खुराक द्यायचाच असेल तर थोडा-थोडा वाढवत, दोन वेळा विभागून द्यावा.

खनिजांबद्दल एकच इशारा ठासून द्यावासा वाटतो. गाई-म्हशींसाठीचं खनिज मिश्रण मेंढीला देऊ नका. त्यात तांबं असतं. गाय जास्तीचं तांबं निभावून नेते, मेंढीचं यकृत ते साठवत राहतं. कित्येक आठवडे काहीच दिसत नाही. मग एखाद्या लांब चालीनंतर किंवा उपासानंतर साठा एकदम रक्तात उतरतो, तांबड्या पेशी फुटतात, डोळे पिवळे पडतात, लघवी गडद लाल होते आणि दोन-चार दिवसांत खेळ आटोपतो. मेंढीचं म्हणून वेगळं मिश्रण मिळतं, तेच घ्यावं. मीठ मात्र खुशाल चाटू द्यावं. लोकरीत गंधक भरपूर असतं, त्यामुळे युरियाप्रक्रियेच्या कुटारावर राहणाऱ्या कळपाला गंधकाचीही जोड लागते, साधारण दहा भाग नत्राला एक भाग. जीवनसत्त्व अ हिरव्या चाऱ्यातून येतं आणि यकृतात काही महिने पुरतं, म्हणून पावसाळा चांगला गेला असेल तर उन्हाळा निभतो.

सगळ्यांत नाजूक स्थिती गाभण मेंढीची. पाच महिन्यांच्या गाभणकाळात कोकराच्या वजनाची जवळजवळ ७० टक्के वाढ शेवटच्या सहा आठवड्यांत होते. हेच आठवडे एप्रिल-मे मध्ये आले तर वाढत्या गर्भाने पोटातली जागा अडवलेली, उन्हाने भूक मारलेली. त्यात सतत तापलेल्या मेंढीची वार (गर्भाला पोसणारा अवयव) लहान राहते, कारण रक्त गर्भाशयाकडे न जाता त्वचेकडे वळतं. कोकरू हलकं जन्मतं. राजस्थानात अविकानगरला केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्था आहे. तिथे मालपुरा जातीच्या मेंढ्यांवर ऊन आणि अपुरा चारा यांचे प्रयोग झाले. दोन्हींपैकी एकच ताण असेल तर मेंढ्या बऱ्यापैकी जुळवून घेत होत्या, दोन्ही एकत्र आले की त्यांचा तोल ढळत होता. गाभण मेंढीला सावली देणं आणि खुराक देणं ही दोन वेगळी कामं नाहीत. एक परवडत नसेल तर दुसरं जपावं.

मृगाच्या सरी आल्या की सगळे सुटकेचा श्वास टाकतात आणि तिथेच घात होतो. पहिल्या पावसाचं लुसलुशीत गवत बहुतांशी पाणीच असतं, पोट टम्म भरतं आणि कोरडा चारा पोटात कमीच जातो. शिवाय उपाशी आतड्यात एकदम कोवळा चारा गेला की तिथला क्लॉस्ट्रिडियम जिवाणू बेसुमार वाढतो, त्याचं विष रक्तात भिनतं आणि कळपातली सगळ्यात धट्टीकट्टी कोकरं आधी जातात. यालाच आंत्रविषार म्हणतात. त्याची लस पावसाआधी, मे महिन्यातच टोचून घ्यावी लागते. आणि पहिले पंधरा दिवस कळप रानात सोडण्याआधी प्रत्येकीच्या पोटात थोडं कोरडं कुटार जाईल एवढं पाहावं.