फेअर आयल विणकाम

एकाच ओळीत दोन रंगांची लोकर घेऊन नक्षी विणायची ही पद्धत. नाव पडलं फेअर आयल बेटावरून, स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी आणि शेटलंडच्या मधोमध आहे ते, लांबी जेमतेम ५ किलोमीटर. १९२२ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्सने (पुढे आठवा एडवर्ड) सेंट अँड्र्यूजला गोल्फ खेळताना तिथला स्वेटर घातला आणि मग त्याची फॅशनच आली.

लांबून बघितलं तर सात-आठ रंग दिसतात, पण कुठलीही एक ओळ नीट बघा, त्यात दोनच सापडतील, ओळी बदलतात तसे रंग बदलत जातात. मला ही यातली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते.

विणायचं गोलात, म्हणजे सुलट बाजू कायम समोर, उलट टाके लागतच नाहीत आणि नक्षी चुकली की लगेच दिसतं. खरं शिकणं मात्र मागच्या बाजूला असतं. ज्या रंगाचा टाका नाही ती लोकर मागून आडवी न्यायची, तिला फ्लोट म्हणतात, आणि नवीन माणूस ती हमखास ओढतो कारण सैल राहिली तर भोकं पडतील अशी भीती असते, मग स्वेटरला चुण्या पडतात आणि तो डोक्यातून जातच नाही. उपाय सोपा आहे, रंग बदलायच्या आधी उजव्या सुईवरचे शेवटचे सात-आठ टाके बोटांनी नीट पसरायचे आणि मगच दुसरी लोकर घ्यायची, फ्लोट आपोआप हवा तेवढा लांब होतो. एक रंग पाच-सहा टाक्यांपेक्षा जास्त वेळ मागेच राहणार असेल तर मधे एकदा विणत्या लोकरीत अडकवून घ्यायचा, नाहीतर घालताना बोटं अडकतात.

अजून एक, मागे जी लोकर खालून जाते तिचे टाके किंचित मोठे पडतात, म्हणून तो रंग जास्त उठून दिसतो. नक्षीचा रंग कायम खालून घ्या, मधेच अदलाबदल केली तर नक्षी त्या ओळीपासून फिकी पडल्यासारखी दिसते.

लोकर शेटलंडचीच घेतात त्याला कारण आहे, तिचे तंतू एकमेकांना धरून राहतात. त्यामुळे बाह्यांसाठी किंवा पुढच्या बटणपट्टीसाठी जादा टाक्यांची पट्टी घालून अंग सलग गोलात विणतात आणि नंतर ती पट्टी मधोमध सरळ कात्रीने कापतात, टाके उसवत नाहीत. गुळगुळीत ॲक्रिलिकवर हे करायला जाऊ नका, तिथे आधी शिलाई मारावीच लागते.