पार्श्वभूमी : आरपीएम मोजणारं प्रकाश-सर्किट आणि साठ खाचांची चकती

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या बहुतेक मोटारींच्या पाटीवर १४४० च्या आसपासचा आकडा असतो. हे आरपीएम, म्हणजे मिनिटाला होणाऱ्या फेऱ्या. ५० हर्ट्झवरची चार पोलची मोटर बिनलोडावर १५०० च्या जवळ पळते, पूर्ण लोडावर १४४० च्या आसपास येते. मधल्या साठ फेऱ्यांतच मोटर किती ओढतेय ते कळतं. आता शाफ्टवर चमकत्या टेपची एकच पट्टी लावा, समोर इन्फ्रारेड सेन्सर धरा आणि एका सेकंदात आलेले पल्स, म्हणजे पट्टी समोरून गेली की मिळणारे विजेचे ठोके, मोजा. २४ येतील, नाहीतर २५. साठने गुणलं की १४४० किंवा १५००. ज्या मधल्या आकड्यासाठी खटाटोप केला, तोच मिळत नाही.

यावर तोडगा म्हणून आलेली, शाफ्टवर बसवायची साठ खाचांची चकती अजून हटलेली नाही. तिची प्रत्येक खाच सेन्सरसमोरून गेली की एक पल्स. निपाणीपासून खानापूरपर्यंतच्या पोरांच्या प्रोजेक्टमध्ये ती आजही भेटते. ती का आली आणि का टिकली, हे पाहण्यासारखं आहे.

मुळात फिरण्याचा वेग मोजायला वीज किंवा प्रकाश लागत नव्हता. १८१७ साली एका जर्मन अभियंत्याने बाहेर फेकल्या जाणाऱ्या वजनांवर चालणारा टॅकोमीटर केला, आणि रेल्वे इंजिनांवर तोच पुढे गेला. १८३२ च्या सुमारास बेल्जियम आणि ऑस्ट्रियात, एकमेकांचा पत्ता नसताना, स्ट्रोबोस्कोप निघाला. १८४९ मध्ये फ्रान्समध्ये ७२० दातांचं चाक फिरवून प्रकाशाचाच वेग काढला गेला. तिथे चाकाचा वेग माहीत होता आणि प्रकाशाचा शोधायचा होता. आपलं सर्किट त्याच्या उलट चालतं. सेलेनियमवर उजेड पडला की त्यातून वीज जास्त वाहते, हे १८७३ मध्ये कळलं. पण शाफ्टसमोर ठेवता येईल इतकी लहान आणि स्वस्त जोडी मिळायला उजेड ओळखणारा १९५० चा फोटोट्रान्झिस्टर आणि १९६२ मध्ये विक्रीला आलेला इन्फ्रारेड एलईडी यावा लागला.

सत्तरच्या दशकातलं नेहमीचं सर्किट असं : सेन्सरचा पल्स त्याच्या कडा स्वच्छ करणाऱ्या श्मिट ट्रिगरमधून, तिथून ७४९० या चिपच्या दशमान काउंटरांच्या रांगेत, मग आकडा धरून ठेवणारा ७४७५ चा लॅच, तो रेघांत बदलणारा ७४४७ चा डीकोडर आणि सात रेघांचा डिस्प्ले. एका सेकंदाचं फाटक उघडायचं, आलेले पल्स मोजायचे, आकडा दाखवायचा. या रांगेत गुणाकार करणारं कोणीच नाही. सेकंदातले पल्स साठने गुणले तर आरपीएम मिळतं. ते गुणायचं कुणी? मग चकतीनेच गुणायचं. परिघावर साठ खाचा पाडल्या की सेकंदातले पल्स हेच आरपीएम. युक्ती खरोखर देखणी होती. शिवाय ती चकतीतल्या दोषांनाही सांभाळून घ्यायची. हॅकसॉने पाडलेल्या खाचा थोड्या मागेपुढे असल्या तरी सेकंदभराच्या मोजणीत फार तर एखाद्या पल्सचा फरक पडतो.

मग ८०५१ हा मायक्रोकंट्रोलर, म्हणजे एका चिपवरचा छोटा संगणक, आला. तो निघाला १९८० मध्ये, पण आपल्याकडच्या लॅबमध्ये रुळायला बराच वेळ गेला. बेळगावात खाजगी अभियांत्रिकी महाविद्यालय १९७९ मध्ये सुरू झालं आणि राज्याचं तंत्रशास्त्र विद्यापीठ १९९८ मध्ये इथेच आलं. तिथली पोरं सुटे भाग आणायला पुण्याच्या तपकीर गल्लीत जायची, नाहीतर बेंगळुरूच्या एसपी रोडला. सीमेवर राहण्याचा एवढा तरी फायदा.

१२ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलवर ८०५१ चा टायमर दर मायक्रोसेकंदाला एकने पुढे सरकतो. म्हणजे पल्स मोजत बसण्याऐवजी दोन पल्समधला वेळच मोजता येतो. १४४० आरपीएमला एका पट्टीवर हा वेळ ४१,६६७ मायक्रोसेकंद भरतो. एक मायक्रोसेकंद चुकला तरी आरपीएममध्ये फरक पडतो तो दशांश चिन्हानंतरच्या दुसऱ्या स्थानावर. एक पट्टी, एक सेन्सर, एक टायमर, बस्स. साठ खाचांची गरज तिथेच संपायला हवी होती.

संपली नाही, याचं कारण माझ्या मते भागाकार. वेळावरून आरपीएम काढायचं तर सहा कोटींना त्या वेळाने भागावं लागतं, आणि ८०५१ ची भागाकाराची सूचना फक्त आठ बिटांची. असेंब्लीत, म्हणजे थेट चिपच्या सूचनांत, बत्तीस बिटांचा भागाकार लिहिणं म्हणजे सबमिशनच्या आदल्या आठवड्यात कुणालाच नको असलेलं काम. दुसरी अडचण टायमरची. सोळा बिटांचा टायमर ६५.५३६ मिलिसेकंदांत भरतो, म्हणजे एका पट्टीवर सुमारे ९१५ आरपीएमच्या खाली गेलं की ओव्हरफ्लोही, म्हणजे टायमर किती वेळा भरून पुन्हा शून्यावर आला तेही, मोजावे लागतात. त्यापेक्षा चकती कापणं सोपं. पुढे सी कंपायलर आला, २००५ नंतर आर्डुइनोचा तयार बोर्ड आला, तो भागाकार एका ओळीत होऊ लागला, पण चकती रिपोर्टमधून रिपोर्टमध्ये उतरत राहिली.

याहून वाईट म्हणजे दोन्ही पद्धतींची खिचडी. चकती साठ खाचांची आणि मोजतात शेजारच्या दोन खाचांमधला वेळ. इथे हॅकसॉची प्रत्येक चूक थेट डिस्प्लेवर येते आणि आकडा नाचतो. मग सल्ला मिळतो की पूर्ण फेरीचा वेळ घ्या, त्याच खाचेपासून त्याच खाचेपर्यंत. बरोबरच आहे, पण मग बाकीच्या ५९ खाचा कशाला पाडल्या?

चकतीच्या बाजूने एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. शहापूर-वडगावचा साधा यंत्रमाग मिनिटाला सव्वाशे-दीडशे फेऱ्यांवर चालतो, तिथे एका पट्टीला सेकंदात दोन-अडीच पल्स येतात. त्यात भागून जातं. पण चिकोडी-अथणीकडच्या साखर कारखान्यात उसाच्या रोलरचा वेग मिनिटाला चार-पाच फेऱ्यांचा. तिथे एका पट्टीवर दर बारा-पंधरा सेकंदांनी एक पल्स. रोलर मध्येच अडकला तर ते कळायलाच तेवढा वेळ जाईल. अशा मंद शाफ्टला खाचा हव्यातच. त्या साठच असाव्यात असा मात्र नियम नाही.

उजेडाची भानगड दोन्ही पक्षांना सारखीच छळते. जुन्या चोकवाली ट्यूबलाइट सेकंदाला शंभरदा लुकलुकते. एका पट्टीचं मीटर तिच्याकडे तोंड करून ठेवलं तर काहीही फिरत नसताना ६००० आरपीएम दाखवतं. साठ खाचांचं मीटर १०० दाखवतं, आणि हा आकडा खरा वाटण्याजोगा असल्यामुळे जास्त फसवा. शेडच्या छपरातल्या पारदर्शक पत्र्यातून ऊन आलं की फोटोट्रान्झिस्टर पूर्ण उघडून बसतो आणि पट्टी आली-गेली काही कळत नाही. काहींनी टीव्ही रिमोटचा ३८ किलोहर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ३८ हजारदा लुकलुकणारा उजेडच ओळखणारा, रिसीव्हर लावून पाहिला. ऊन टळलं, पण तो रिसीव्हर रिमोटसारख्या तुटक सिग्नलसाठी बनवलेला. चमकती पट्टी शाफ्ट थांबताना नेमकी समोर राहिली, तर अखंड येणाऱ्या सिग्नलला तो गोंगाट समजून दाबून टाकतो.

फाउंड्रीत प्रकाश हरला तो धुळीपुढे. मोल्डिंगची काळी वाळू एका खाचेत बसली की १४४० चे १४१६ होतात, आणि सेन्सरच्या काचेवर बसली की शून्य. म्हणून मशीनवर कायमचा बसवायचा सेन्सर आता बहुतेक ठिकाणी लोखंड ओळखणारा प्रॉक्झिमिटी असतो, आणि त्याच्यापुढे फिरतो तो शाफ्टवरचा एखादा बोल्ट. प्रकाशाचं सर्किट उरलं ते मेंटेनन्सवाल्याच्या हातातल्या लेझर टॅकोमीटरमध्ये. त्याच्या खोक्यातून चमकत्या टेपच्या पट्ट्या मिळतात, आणि शाफ्टवर त्यातली एकच चिकटवायची असते.