पांधणीतून निघालेली रॅली बाईक

आर्द्रा नक्षत्राच्या पावसात यवतमाळ, वाशीम किंवा वर्ध्याकडच्या कुठल्याही पांधणीत, म्हणजे शेताकडच्या कच्च्या वाटेत, मोटारसायकल घालून पाहा. शंभर पावलं गेलात तर पुष्कळ. इंजिन चालू असतं, टाकीत पेट्रोल असतं, पण चाक फिरत नाही. काळी माती टायरला थरावर थर चिकटते, मडगार्डच्या पोटात भरते आणि आवळून बसते. मग उतरायचं, धुऱ्यावरच्या कुंपणातली तुराटी, म्हणजे तुरीची वाळकी काडी, उपसायची, मडगार्डमधला गारा कोरून काढायचा. पुढे पन्नास पावलं, पुन्हा तुराटी.

आपल्याकडच्या घरगुती रॅली बाईकचं, म्हणजे खडतर वाटेसाठी कापून-जोडून उंच केलेल्या जुन्या गाडीचं, मूळ मला या तुराटीत दिसतं. मोबाइलवर डकार या वाळवंटी रॅलीचे व्हिडिओ फार नंतर आले. त्याआधीच शेतात जाणाऱ्यांनी पुढचं मडगार्ड काढून गोठ्यात टाकलं होतं, नाहीतर पत्र्याची पट्टी जोडून ते लाइटच्या खाली, टायरपासून वीतभर वर चढवलं होतं. परदेशी मोटोक्रॉस, म्हणजे मातीतल्या शर्यतीच्या, गाडीला चोचीसारखं उंच मडगार्ड असतं, तेही याच कामासाठी. काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि लोखंडालाही सोडत नाही. तिला जागा ठेवावी लागते, हे इथल्या माणसाला कुणी शिकवायची गरज नव्हती.

तिकडेही सुरुवात रस्त्यावरच्या गाड्यांपासूनच झाली. इंग्लंडमध्ये कॅम्बर्लीला २९ मार्च १९२४ रोजी झालेली शर्यत ही पहिली स्क्रॅम्बल (मोटोक्रॉसचं जुनं नाव) मानली जाते. मातीसाठी वेगळी गाडी असा प्रकार तेव्हा नव्हता. रोजच्याच गाडीवरचं नको ते सामान उतरवायचं आणि निघायचं. डकारची गोष्ट त्यानंतर अर्ध्या शतकाची. थिएरी साबिन हा फ्रेंच स्वार १९७७ च्या आबिजान-नीस रॅलीत लिबियाच्या वाळवंटात वाट चुकला आणि मरता मरता वाचला. दुसरा कोणी पुन्हा तिकडे फिरकला नसता. हा गडी त्याच वाळवंटातून शर्यत न्यायची असं ठरवून परतला. २६ डिसेंबर १९७८ ला पॅरिसहून १८२ गाड्या निघाल्या आणि ७४ सेनेगलमधल्या डकारला पोचल्या. पहिला आलेला सिरिल नेव्हू यामाहा एक्सटी ५०० वर होता. शोरूममध्ये मिळणारी, एका सिलिंडरची गाडी. आज तिथे धावणाऱ्या ४५० सीसीच्या खास रॅली गाड्या हा बराच पुढचा मामला. २०१५ मध्ये सी. एस. संतोष यांनी डकार पूर्ण केली. ते करणारे ते पहिले भारतीय. त्यानंतर आपल्याकडच्या पोरांना ‘रॅली’ हा शब्द खऱ्या अर्थाने लागला.

शब्द नवा, गाड्या मात्र जुन्याच. एस्कॉर्ट्सने पोलंडच्या एसएचएल गाडीवरून बनवलेली राजदूत खेड्यापाड्यांत दुधाचे कॅन वाहून म्हातारी झाली. १९८५ मध्ये दोन गाड्या बाजारात उतरल्या आणि घराघरात दोन तट पडले. हीरो होंडा सीडी १०० पेट्रोल वाचवणारी, म्हणून बापाची. यामाहा आरएक्स १०० टू-स्ट्रोक, ९८ सीसीत ११ अश्वशक्ती काढणारी, म्हणून पोराची. हलकी असल्यामुळे ती मातीतही नाचायची. पण आरएक्स १९९६ मध्ये बंद झाली आणि आता चांगल्या गाडीची किंमत ऐकून माणूस पाणी मागतो. उरली स्प्लेंडर. १९९४ मध्ये आलेली, ९७.२ सीसीची, जेमतेम आठ अश्वशक्तीची. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. ती संपलेल्या स्प्लेंडर गावोगाव गोठ्यात पडून असतात आणि स्वस्तात मिळतात. रॅली बाईकसाठी स्प्लेंडर कुणी आवडीनं निवडत नाही. ती समोर उभी असते, एवढंच.

आणि वेल्डिंगवाला. याच्याशिवाय हा इतिहास लिहिणंच चूक. ट्रॉलीचे हूक, वखराच्या पासा आणि तण काढायच्या डवऱ्याचे दांडे जोडणारा जो माणूस तालुक्याच्या रस्त्यावर बसतो, त्याच्याच हातून या गाड्या बनल्या. गुजरातमध्ये अमरेली जिल्ह्यातल्या मनसुखभाई जगानींनी १९९४ मध्ये बुलेटचं मागचं चाक काढून तिला शेतीची अवजारं जोडली. ‘बुलेट सांती’ म्हणून ती गाजली. आपल्याकडेही बैलजोडी परवडेनाशी झाली तसे जुन्या मोटारसायकलला डवरे जोडून सोयाबीन-कपाशीत डवरणी करणारे दिसू लागले. चेसिस कापायची भीती तिथंच गेली. जो गाडीला डवरा जोडतो, त्याला लांब शॉकप जोडायला काय लागतं?

लागतं बरंच. हे मी स्वतःच्या खर्चाने शिकलो. मागे दुसऱ्या गाडीचे लांब शॉकप लावले, गाडी झोकात उभी राहिली आणि मी मिस्त्रीला दाखवायला नेली. त्याने हँडल डावी-उजवीकडे हलवलं आणि म्हणाला, “मांगून उचलली ना भाऊ, आता पुढून उडन.” तसंच झालं. मागची बाजू वर गेली की पुढचं चाक धरणारा फोर्क सरळ उभा होतो आणि वेगात हँडल थरथरतं. म्हणून पुढूनही तेवढीच उचलावी लागते. त्यासाठी बरेच जण पुढच्या शॉकपमध्ये, स्प्रिंगच्या वर पाइपचा तुकडा घालतात. गाडी उंच दिसते, पण चाकाची वर-खाली चाल काही वाढत नाही. स्प्रिंग आधीच दाबून बसते, गाडी कडक लागते आणि मनगटं दुखतात.

चेनचा घोळ त्याहून वाईट. पुढचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक), चिमट्याचा (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यांचा) बोल्ट आणि मागच्या चाकाचा आस एका रेषेत आले की चेन सर्वांत जास्त ताणते. उंच केलेल्या गाडीत चिमटा खाली लटकतो, चेन सैल दिसते आणि आपण ती तिथेच ताणून घेतो. मग नाल्यात गाडी दबली की ती गिअरबॉक्सच्या बेअरिंगला ओढते. माझ्या गाडीला बेअरिंगपर्यंत पोचायची संधीच मिळाली नाही. त्याआधीच शॉकपचं वेल्डिंग जोडाच्या शेजारून सुटलं, नाल्याच्या मधोमध. गाडी बैलगाडीतून घरी आली, आणि गावानं ती बघितली.

मिस्त्रीचं म्हणणं एका वाक्याचं होतं: “वखराचा बैल पटात नाई पयत, बाप्पा.” शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, ज्यानं पाहिला त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. वेगाच्या मागे लागू नको, ओढ वाढव, असा त्याचा सल्ला. पुढचं चौदा दातांचं स्प्रॉकेट तेरा दातांचं केलं की ओढ सुमारे साडेसात टक्क्यांनी वाढते आणि तेवढाच वरचा वेग जातो. पांधणीत त्या वेगाचं करायचं काय? ठोकळेदार नक्षीचे टायर, इंजिनखाली जाड पत्रा, रुंद हँडल, उंच मडगार्ड. बहुतेक गाड्या इथेच थांबतात आणि शहाण्या मालकांच्या थांबतातच.

कंपन्यांना हे उशिरा सुचलं. हीरोने २०११ मध्ये इम्पल्स आणली, ती चालली नाही. २०१९ मध्ये एक्सपल्स २०० आली, पुढे २१ इंची चाक आणि १९० मिलिमीटरची चाल. तिच्या रॅली किटमध्ये ही चाल २५० झाली. २०२१ मध्ये बजाजने सीटी ११० एक्सला इंजिनखालचा पत्रा आणि खडबडीत टायर देऊन बाजारात उतरवलं. तो पत्रा पाहून आमच्या वेल्डिंगवाल्यानं काय तोंड केलं असेल, ते सांगायला नको.

त्याच २०१९ मध्ये कायद्यानेही गाठलं. गाडीतल्या फेरफारांबद्दलचं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आधीपासून होतंच. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारीत स्पष्ट केलं की कंपनीच्या मूळ नमुन्याविरुद्ध बदल चालणार नाही. मग कायद्यातल्या दुरुस्तीने प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आणली. त्यामुळे फेरफार केलेली गाडी डांबरी रस्त्यावर आणणं म्हणजे जोखीम. शर्यतीसाठी किंवा शेतात चालवायची तर ती मालवाहू टेम्पोत घालूनच न्यायची.

आता गाडी कापायला घेण्याआधी मिस्त्री एक खताचं रिकामं पोतं मागवतो. मूळ मडगार्ड, चेन कव्हर, जुने शॉकप, चौदा दातांचं स्प्रॉकेट, आखूड पडणारा साइड स्टँड, सगळं त्यात भरतो, तोंड सुतळीने बांधतो आणि पोतं माळ्यावर टाकायला लावतो. माझं अजून तिथेच आहे.